दोघींचं गाणं

वन्सं, तुमचं तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी पहिल्यांदा घराबाहेर पडले ती तुमची उरलेली औषधं दुकानात परत करायला. खाली नाक्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने रेडिओ लावला होता. जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम होता. डोंबिवलीतल्या त्या नेहमीच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षा हळू झाली आणि तुम्ही गायला लागलात.

"कोण गं दारी?" असं तुमच्या बहिणीने, शालनने विचारलं.

"वारा गं, वारा," असं तुम्ही उत्तर दिलंत.

थोड्याच दिवसांपूर्वी मी तुमच्या ओठांवर तुळशीचं पान ठेवलं होतं. तुम्हाला शेवटची आंघोळ मीच घातली. तुमचा गळा माझ्या हाताखाली किती थंड होता, ते मला अजून आठवतं. आणि त्याच गळ्यातून आता विशी-बाविशीची मुलगी गात होती.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "आवाज जरा कमी करता का?"

"काकू, भारी गाणं आहे हे. माझी आजी ऐकायची," तो म्हणाला, आणि त्याने आवाज कमी केला. पण कमी केल्यावर तुम्ही जास्तच जवळ आलात. माझ्या कानामागे बसून गायल्यासारख्या. पिशवी घट्ट धरून मी पुढे बघत राहिले. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचं धाडस झालं नाही.

हे तुम्हाला सांगायला हवं होतं. पण गेली पंचेचाळीसहून जास्त वर्षं असं काही घडलं की ते सांगायला मी तुमच्याकडेच येत होते. आता कुठे जाऊ? म्हणून हे लिहिते आहे.

मी लग्न होऊन ठाण्याला टेंभी नाक्याच्या घरात आले तेव्हा मला कुणी सांगितलंच नव्हतं की या घरात अजून एक मुलगी होती. भिंतीवर फोटो नाही, बोलण्यात नाव नाही. थोरल्या नणंदबाई म्हणजे तुम्ही, सुमनताई, आणि धाकटे हे. मधे तुमच्यात नि यांच्यात वयाचं एवढं अंतर कसं, असं मला वाटायचं. पण नव्या सुनेने असलं विचारायचं नसतं. गणपतीत मी पाहिलं की आरतीला सगळं घर मोकळ्या गळ्याने म्हणतं आणि तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवता. ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, आवाज चांगला नसेल बिचारीचा.

मग नवरात्र आलं. नाक्यावर मांडव पडला, कर्णे चढले. दुपारच्या वेळी मंडळाची मुलं रेकॉर्डी लावून ठेवायची. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. ते गाणं लागलं आणि त्यांचा हात सुपातच थांबला. त्या उठल्या. दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि पुन्हा येऊन सुपापुढे बसल्या. त्याच वेळी तुम्ही मोरीत गेलात आणि नळ पूर्ण सोडलात. बादली भरून वाहायला लागली तरी नळ चालूच. मोरीत धुवायला काही नव्हतं, मी सकाळीच सगळं धुऊन टाकलं होतं.

गाणं संपलं. नळ बंद झाला. सासूबाईंनी उठून दार लावलं.

हे कामावरून आल्यावर मी यांना विचारलं. हे चहा पीत होते.

"ती शालूताई," हे म्हणाले. "माझी मधली बहीण. ते गाणं ताई आणि ती अशा दोघींनी गायलंय. रेकॉर्ड बाजारात यायच्या आत शालूताई काविळीने गेली."

"मग दर वर्षी ते गाणं लागलं की..."

"दर वर्षी लागतं," हे म्हणाले. "मी आठ वर्षांचा होतो गं. तिचा चेहरा मला धड आठवत नाही. आवाज तेवढा पाठ आहे."

त्यानंतर मला त्या घराचे कानेकोपरे कळायला लागले. तुम्हाला सर्दी झाली की तुमचा आवाज थोडा बारीक व्हायचा. अशाच एका दिवशी तुम्ही बाहेरच्या खोलीतून "आई, टॉवेल दे," म्हणालात आणि स्वयंपाकघरातून सासूबाई सहज म्हणाल्या, "घे गं शालू." सर्दी जाईपर्यंत तुम्ही घरात बोलणंच बंद केलंत, खुणेने काम चालवलंत. मला तेव्हा भीती वाटली होती, वन्सं. कसली ते सांगता आलं नसतं.

तुम्ही त्या दिवसांबद्दल बोलायला लागलात त्याला फार वर्षं जावी लागली. केतकी झाली, मी शाळेत नोकरीला लागले, माझी मुलगी तुमच्या मांडीवर वाढली. वागळे इस्टेटमधल्या तुमच्या कंपनीतून तुम्ही माझ्याआधी घरी यायचात आणि तिला पाळणाघरातून आणायचात. आपण दोघी संध्याकाळी भाजी निवडायला बसायचो. तेव्हा कधी मेथीच्या काड्यांबरोबर तुमच्या तोंडून एखादी गोष्ट गळून पडायची. मी मुद्दाम मान वर करत नसे. बघितलं की तुम्ही थांबायचात.

तुमच्या आजीच्या काळी, तुम्ही सांगितलंत, गाणारी बाई म्हणजे हजार माणसांना ऐकू जाईल असा गळा हवा. तो गळा कमवायचा तर आयुष्य द्यावं लागायचं, आणि दिलं की चांगल्या घरात जागा नाही. "मग नवे माईक आले, टेप आली," तुम्ही म्हणालात. "बाईला ओरडायची गरजच उरली नाही. ओट्याशी उभी राहून स्वतःशी म्हणते तेवढ्या आवाजात गायलं तरी रेडिओवर घराघरात पोचायचं. आमचे आवाज तसलेच. देवघरातले."

ठाण्यात तेव्हा कारखाने येत होते. गावाकडून माणसं येऊन चाळी भरत होत्या, पहिल्या पगारातून ट्रान्झिस्टर घेतला जात होता. मुली टायपिंगला जायला लागल्या होत्या, कारखान्यात पॅकिंगला जात होत्या. त्या मुलींना त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच आवाजातल्या मुली ऐकायच्या होत्या. रेकॉर्ड कंपनीचा माणूस शाळेच्या गॅदरिंगला तुम्हा बहिणींना ऐकून घरी आला तेव्हा मामंजींनी दोन दिवस विचार करायला घेतले. मग म्हणाले, "तबकडीवर तोंड दिसत नाही. जा." तुम्ही हे सांगताना हसला होतात. मामंजींना मी पाहिलं नाही, पण त्या एका वाक्यात तो सगळा काळ मला दिसतो. मुलीचा आवाज जगभर गेला तरी चालेल, मुलगी मात्र घरात हवी. आवाज आणि माणूस वेगळं करता येतं, हे तेव्हा सगळ्यांनाच फार सोयीचं वाटलं होतं.

पहिल्या दोन रेकॉर्डी जुन्या पद्धतीने झाल्या. एका खोलीत सगळे, मधे माईक. तबलजीला लांब कोपऱ्यात घोंगडीवर बसवलेलं, बासरीवाला स्टुलावर, तुम्ही दोघी माईकपाशी गालाला गाल लावून. कुणी एक चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मग तिथल्या रेकॉर्डिस्टने दुसरं टेपमशीन आणलं. एकीने आधी गायचं, ते एका मशीनवर वाजवत दुसरीने हेडफोन लावून त्याच्याबरोबर गायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर उतरवायचं. दोघींनी एका दिवशी, एका खोलीत असायला नको. तुम्ही म्हणालात, "शालूला फार गंमत वाटायची. म्हणायची, ताई, उद्या मी इथे नसले तरी तू माझ्याशी भांडू शकशील."

एवढं बोलून तुम्ही मेथीची जुडी बाजूला ठेवलीत आणि उठून गेलात. पुढची हकीकत कळायला सासूबाई जाव्या लागल्या.

मधल्या काळात आपण किती भांडलो, आठवतं का? डोंबिवलीच्या या फ्लॅटमध्ये आल्यावर टीव्हीवर गाण्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. मी भक्तिभावाने बघायची आणि तुम्ही आतून म्हणायचात, "शुभदा, या पोरींच्या तोंडात माईक कोंबलाय, मग ओरडतायत कशाला?" मी म्हणायची, "तुमच्या वेळचं गाणं खरं होतं, वन्सं. आता सगळं मशीन." तुम्ही चिडायचात. "आमच्या वेळी काय डोंगरावर उभं राहून गात होतो? तेव्हाही म्हातारे म्हणायचे, माईकमुळे गळे बसले. मशीन तेव्हाही होतं. मशीनने काय केलं ते मला विचार." मी एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

सासूबाई गेल्या, त्यांचे दहाव्याचे विधी खडवलीला नदीवर झाले. पुरुष मंडळी भटजींबरोबर मागे राहिली होती. आपण दोघी पुढे स्टेशनवर येऊन बाकावर बसलो. भर दुपार होती. फलाटावर एक कुत्रं सावलीत झोपलेलं, बाकी कुणी नाही. तुम्ही पदराने तोंड पुसलंत आणि म्हणालात, "आता सांगायला हरकत नाही. त्या गाण्यात शालू नाहीच."

मला कळलंच नाही.

"शालूने तिचा भाग आधी गाऊन ठेवला होता. मला ताप होता म्हणून मी गेले नव्हते. मग तिला कावीळ झाली. ती गेल्यावर महिन्याभराने कंपनीचा निरोप आला, धाकटीचं गाणं आमच्याकडे आहे, थोरलीने येऊन आपलं गायलं की रेकॉर्ड पुरी होईल. बाबा म्हणाले, जा, आईला निदान तिचा आवाज तरी मिळेल. मी गेले. तो रेकॉर्डिस्ट माझ्याकडे बघेना. तिथल्या कुणीतरी ती टेप चुकून पुसून टाकली होती. टेप महाग असायच्या, पुसून पुन्हा वापरायचे. शालूचं रीळ कोरं होऊन कपाटात पडलं होतं."

मी विचारलं, "मग?"

"तो म्हणाला, बाळ, तूच गा दोघींचं. तेच रीळ लावतो. घरी सांगायची गरज नाही."

मालगाडी गेली तेवढा वेळ तुम्ही थांबलात.

"मी आधी शालूचं गायले. ती 'दारी' म्हणताना श्वास जरा आधीच तोडायची, तसा तोडला. ती हसल्यासारखी सूर लावायची, तशी हसले. मला तिची नक्कल लहानपणापासून यायची गं. मग हेडफोन लावला. टेप सुरू झाली आणि कानात शालूने विचारलं, कोण गं दारी? मी गायले होते हे मला ठाऊक होतं, शुभदा. दहा मिनिटांपूर्वी मीच गायले होते. पण कानात ती होती. मी हेडफोन काढून फेकला. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. पुन्हा लावला आणि तिला उत्तर दिलं. वारा गं, वारा. एका दमात झालं. पुन्हा घ्यावं लागलं नाही."

"आणि नंतर गाणं का सोडलंत?"

"सोडलं नाही. गायला तोंड उघडलं की तिचाच आवाज यायचा. माझा कुठला होता तेच सापडेना. घरात आई. कशी गाणार?"

तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की सासूबाईंना ठाऊक होतं. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत ते मला आत्ताही दिसतं. मी म्हटलं, एकदा नवरात्रात गाणं संपल्यावर त्या दार लावताना मला म्हणाल्या होत्या, "या गाण्यात थोरली फार दमते." मला तेव्हा वाटलं, म्हातारी काहीतरी बोलते आहे. तुमच्या वाट्याला तर गाण्यात दोन-तीन शब्दच, दमायचं काय? पण त्या आई होत्या. दोन्ही आवाजांत त्यांना तुम्हीच ऐकू येत होतात.

"तू माझी समजूत काढतेस," तुम्ही म्हणालात.

"नाही वन्सं, शप्पथ."

"मग ती दार का उघडायची? कुणासाठी?"

तेवढ्यात गाडी आली, आपण चढलो. पुढे पंचवीस वर्षं हा वाद अधूनमधून निघत राहिला. तुमचं म्हणणं, तुम्ही आईला फसवलंत आणि शालनचा आवाज चोरलात. माझं म्हणणं, तुम्ही आईला एक मुलगी परत दिलीत आणि आईने कळूनही ती घेतली. तुम्ही म्हणायचात, "कळून कुणी दार उघडत नाही." मी म्हणायची, "कळूनच उघडतात." दोघींपैकी कुणी मागे हटलं नाही. यांना आपण काहीच सांगितलं नाही. यांच्याकडे बहिणीची म्हणून तेवढी एकच वस्तू होती. ती काढून घ्यायला ना तुमचा हात धजला, ना माझा.

आणि मग गेल्या वर्षीचा तो पक्षाघाताचा झटका. उजवा हात गेला आणि वाचा गेली. तुम्हाला सगळं समजत होतं, डोळ्यांत दिसत होतं, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा. पाणी हवं की चादर, हे मी अंदाजाने ओळखायची आणि चुकले की तुम्ही भिंतीकडे तोंड करायचात.

कळव्याहून एक स्पीच थेरपिस्ट मुलगी यायची. चुणचुणीत, सारखी हसणारी. एक दिवस सकाळी ती म्हणाली, "आजी, बोलता नाही आलं तरी कधीकधी गाता येतं. गाण्याची जागा डोक्यात वेगळीकडे असते. एखादं जुनं पाठ असलेलं गाणं म्हणूया?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवून नको म्हणणार होते. पण तुम्ही डोळे मिटलेत आणि तोंड उघडलंत.

"कोण गं दारी?"

स्वच्छ. एकही अक्षर अडखळलं नाही. श्वास जरा आधीच तोडलेला, सूर हसल्यासारखा. ऐंशी उलटलेल्या बाईचा आवाज तो नव्हताच. थेरपिस्ट टाळ्या वाजवायला लागली. हे आतल्या खोलीतून पेपर हातात घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले. यांचा चेहरा आठ वर्षांच्या मुलासारखा झाला होता.

"ही ताई नाही," हे हळूच म्हणाले.

तुम्ही तेवढंच गायलात आणि थांबलात. डोळे उघडून दाराकडे बघायला लागलात. थेरपिस्ट म्हणाली, "पुढे, आजी?" तुम्ही पुन्हा तेच. "कोण गं दारी?" आणि पुन्हा थांबलात, वाट बघत. थोरलीचे शब्द तुमच्या तोंडी येतच नव्हते. मला उशिरा कळलं की तुम्हाला उत्तर हवं होतं. मला सूर नाही, वन्सं, तुम्हाला माहीत आहे. पण मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "वारा गं, वारा."

तुम्ही हसलात. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर शेवटपर्यंत आपलं बोलणं तेवढ्यावरच चाललं. पाणी हवं असलं तरी "कोण गं दारी," दुखत असलं तरी तेच, केतकी पुण्याहून आली तेव्हाही तेच. चाल तीच, पण मला हळूहळू तहान आणि दुखणं वेगळं ऐकू यायला लागलं. प्रत्येक वेळी मी उत्तर द्यायची. मी स्वयंपाकघरात असले तर तिथून द्यायची. कधी कामात असले आणि द्यायला उशीर झाला तर, वन्सं, तुम्हाला खोटं वाटेल, मला वाटायचं की आता कुणीतरी दुसरंच उत्तर देईल. मी हातातलं टाकून धावायची. त्या घाईचं कारण मी यांना कधी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही एकदा विचारलंत, मी उत्तर दिलं. पुन्हा विचारलं नाहीत. डॉक्टर आले तेव्हा दार उघडंच होतं. कुणी उघडलं होतं ते आठवत नाही. मीच उघडलं असेल.

आता रिक्षातल्या त्या दिवसानंतरचं सांगते. मी घरी आले आणि तेराव्यानंतर मागे राहिलेल्या केतकीला सगळं सांगितलं. खडवलीच्या बाकावरचं, पुसलेल्या टेपचं, सगळं. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "आई, इंटरनेटवर त्या गाण्याखाली लोक शालूआत्याबद्दल लिहितात. धाकटीचा आवाज काय गोड, थोरलीला काही कामच नाही. हे बरोबर नाही. दोन्ही आवाज आत्याचे आहेत हे मी लिहिणार." मला तिचं पटलं. जन्मभर तुमच्या वाट्याला दोन शब्द आले होते. मी म्हटलं, आधी बाबांना सांगू या, मग लिही.

लिहिण्याआधी तिला गाणं नीट ऐकायचं होतं. आपली छोटी तबकडी तिने कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर उतरवून आणली. हल्ली असे प्रोग्रॅम आहेत, वन्सं, की गाण्यातला तबला वेगळा, बासरी वेगळी, गळा वेगळा काढून देतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आमचं जोडायला मशीन लागलं, तुमचं तोडायला. तिने तुमचे दोन्ही आवाज वेगळे काढले आणि दिवसभर ऐकत बसली. संध्याकाळी दिवेलागणीला मला हाक मारली. चेहरा उतरला होता.

"आई, शेवटच्या कडव्याआधी गाणं क्षणभर थांबतं बघ. सगळी वाद्यं थांबतात. तिथे काहीतरी आहे."

मी हेडफोन लावला. तिने त्या शांततेचा आवाज वाढवला. आधी नुसती खरखर, पीठ चाळल्यासारखी. मग त्या खरखरीच्या तळाशी, फार लांबून, एक मुलगी. गात नव्हती. विचारत होती. "घेऊ का?" एवढंच. गाणं सुरू करण्याआधी रेकॉर्डिस्टला विचारतात, तसं.

"हा आत्याचा आवाज नाही," केतकी म्हणाली. "टेप पुसली तरी पूर्ण पुसली जायची नाही म्हणतात, खाली थोडं राहायचं. आत्या त्याच रिळावर गायली होती." मग तीच घाईघाईने म्हणाली, "पण खात्री नाही हं. हे प्रोग्रॅम कधीकधी नसलेलंही ऐकवतात. खरखरीतून आवाज बनवतात."

आम्ही पुन्हा ऐकलं. मला कधी स्पष्ट ऐकू आलं, कधी नाही. तुमच्याहून जाड आवाज होता, थोडा खरबरीत. हसरा तर मुळीच नव्हता. हीच खरी शालन असेल, तर आम्ही सगळ्यांनी जिला शालन म्हणून जन्मभर ऐकलं, ती तुम्ही तुमच्या मायेने बनवलेली होती. आणि ही तुमच्या पायाखाली गप्प उभी होती, तुम्ही गात होतात तेव्हा. प्रत्येक नवरात्रात कर्ण्यातून तिने तेवढं विचारलं असणार आणि कुणालाच ऐकू गेलं नसणार. सासूबाईंना? तुमच्या प्रश्नाला, दार कुणासाठी, याला माझ्याकडे आता एक उत्तर आहे. पण वाद घालायला तुम्ही नाही.

त्या संध्याकाळी आम्ही यांना सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. तुम्ही दोन्ही आवाजांत गायलात हे ऐकून नुसती मान हलवली, जणू ते कुठेतरी माहीतच होतं. लिहिण्याबद्दल केतकीने विचारलं तेव्हा म्हणाले, "नावं दोघींचीच राहू दे." मग केतकीने ती शांतता ऐकवायला यांच्या कानाला हेडफोन लावला. यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून तिने आवाज पूर्ण वाढवला. मला वाटलं, यांना खरखरीशिवाय काही ऐकू जायचं नाही.

हे डोळे मिटून बसले. आवाज संपला तरी तसेच बसले. मग हेडफोन काढून केतकीच्या हातात दिला, आणि लहान मुलाने मोठ्यांचा निरोप सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाले, "तिला म्हणावं, जरा थांब. ताई निघाली आहे."